ठगूअक्का आणि पऱ्हाट्यांतली पिल्लं

ठगूअक्का नदीकाठचा दगड उचलायची, वाकून त्याच्याखाली बघायची, आणि मग तो होता तसाच, त्याच खळग्यात, त्याच अंगावर परत ठेवायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हेच करत होती. साठीच्या पुढची बारीक चणीची बाई, लुगड्याचा काचा मारलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. मी कॉलेजची बॅग खांद्याला लावून उभी होते आणि कुणाशी कसं बोलावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून मीही एक दगड उचलला. खाली काही दिसलं नाही. मी तो बाजूला टाकला.

"जागावर ठेव माय तो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कोनं तरी घर शे ते. दार उघडं टाकीसन जावानं नही."

मी तो दगड परत ठेवला, पण उलटा. ती आली आणि तिनं तो सुलटा केला. आमची ओळख झाली ती अशी.

तेव्हा मी धुळ्याला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. झिंग्यांचा अभ्यास करायचा आहे असं मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "खावासाठे?" नाही म्हटल्यावर ते आणखी विचारात पडले. पण नको म्हणाले नाहीत.

झिंग्यांचा विषय माझा नव्हता, आमच्या मॅडमचा होता. मॅडम मूळच्या कोकणातल्या. लग्नाआधी त्यांनी तिकडे शेवंडीवर काम केलं होतं. शेवंड म्हणजे समुद्रातला, झिंग्याच्याच गोतातला पण हातभर लांबीचा प्राणी. मी तो अजून फक्त चित्रात पाहिला आहे. शेवंडी पकडणाऱ्यांना दरवर्षी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: यंदा किती नवी पिल्लं जगली आणि मोठी होऊन जाळ्यात येण्याजोग्या शेवंडींत सामील होणार. या वार्षिक भरीला शास्त्रात भरती म्हणतात. समुद्रात उतरून पिल्लं मोजता येत नाहीत. म्हणून किनाऱ्याजवळ काथ्याचे झुबके टांगून ठेवतात. पिल्लं आसऱ्याला त्यांत शिरतात. झुबके ठराविक दिवसांनी वर काढायचे, झाडायचे, मोजायचे. मग पाणी किती गरम होतं, वारा कुठला होता, पाऊस कधी पडला याच्याशी तो आकडा ताडून बघायचा. मॅडम म्हणायच्या, "इथं समुद्र नाही, पण तापी आहे. प्रश्न तोच आहे."

तो प्रश्न घेऊन मी दोंडाईच्याहून एसटीनं त्या गावाला गेले, जिथं बॅरेजमुळे तापीचं पाणी अडून रुंद झालेलं आहे. काठावर भोई समाजाची चाळीसेक घरं. मला तिथं झुबके टांगायचे होते. पण ते आधीच टांगलेले होते.

भोई बायका पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, पेंढ्या बांधून उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. फांद्यांच्या जंजाळात झिंगे येऊन बसतात. आठ दिवसांनी पेंढी हळूच उचलायची, काठावर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर आणायची आणि झाडायची. याला त्या झाडणी म्हणतात. लुगड्यावर पावसासारखा तडतड आवाज होतो आणि काचेसारखे जीव उड्या मारायला लागतात. मोठे टोपलीत जातात, पिल्लं परत पाण्यात. मॅडमच्या पुस्तकातलं यंत्र ठगूअक्काच्या सासूच्या सासूपासून चालत आलं होतं. हे मी मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की मला आपणच काही शोध लावल्यासारखं वाटलं.

अक्काला मी "भरती मोजायची आहे" म्हटलं. ती म्हणाली, "कशानी? पोलीसनी?" मी समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता हातातली पेंढी विसरली.

"मंजे यंदा कितला नवा उनात ते?"

"हो."

"आनि कसामुळे उनात तेबी?"

"हो."

"ते ते मी रोजच इचारस," ती म्हणाली. "कोनी सांगत नही."

त्या दिवसापासून तिनं मला तिच्या पेंढ्या मोजू दिल्या. खरं म्हणजे मी तिला जितकं विचारलं त्याच्या दुप्पट तिनं मला विचारलं. झिंगा झोपतो का. कात टाकल्यावर त्याला थंडी वाजते का. पोटाखाली अंडी घेऊन फिरणारी मादी काठाकडे तोंड करून का बसते. मी हे प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे आणि सोमवारी मॅडमना विचारायचे. मॅडम हसायच्या, पण उत्तर शोधून द्यायच्या. पुढच्या फेरीला अक्का ते उत्तर ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पाहू." मग दोन-तीन आठवडे ती स्वतः बघायची. एकदा ती म्हणाली, "तुन्ही मॅडमनं खरं शे," आणि हे तिनं अशा आवाजात सांगितलं, जणू मॅडमच पास झाल्या.

थर्मामीटरचा तिला फार नाद लागला. मी नळी पाण्यात धरायच्या आधी ती कोपरापर्यंत हात बुडवायची, डोळे मिटायची आणि आकडा सांगायची. सुरुवातीला चार-पाच अंशांनी चुकायची. होळीपर्यंत अर्ध्या अंशावर आली. मी चुकून एकदा थर्मामीटर घरी विसरले तेव्हा तिचाच आकडा वहीत लिहिला, आणि समोर कंसात "अक्का" असं लिहिलं. मॅडमनी तो खोडला नाही.

पहिल्या वर्षी पिल्लं भरपूर होती. एका पेंढीत शंभरावर सापडायची. अडचण एकच होती. अक्काच्या पेंढ्या लहानमोठ्या होत्या, एक गुडघ्याएवढी तर एक कमरेएवढी. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सगळ्या सारख्या हव्यात. सारख्या नसतील तर आपण पिल्लं मोजतोय की पेंढ्या, हेच कळणार नाही."

हे मी घरी बोलले. दुसऱ्या वर्षी आप्पांनी दिवाळीनंतर लगेच कपाशी उपटली, गव्हासाठी. आमची कपाशी त्या साली शिवारात सगळ्यात चांगली होती. उंच, फांद्यांनी भरलेली, एका बोंडाला अळी नाही. आप्पांनी हात-दीड हात लांबीचे एकसारखे तुकडे तोडले, प्रत्येक पेंढीला तीन ठिकाणी सुतळी बांधली, ताजव्यावर तोलल्या. वीस पेंढ्या. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून ते स्वतः नदीवर आले. धुतलेला शर्ट घालून. माझ्या शिक्षणातलं काहीतरी त्यांच्या हातून होत होतं ते पहिल्यांदाच. मी पेंढ्या पाण्यात सोडत गेले आणि ते काठावर उभं राहून प्रत्येकीबरोबर मान हलवत होते.

अक्का त्या वेळी तिथं नव्हती. तिची मुलगी शिरपूरला बाळंतपणाला होती, तिच्याकडे गेली होती.

आठ दिवसांनी झाडणी केली. पहिल्या पेंढीत पाच पिल्लं. दुसरीत तीन. तिसरीत एकही नाही. मला वाटलं, आणखी आठ दिवस द्यावेत. दिले. आकडे तेच.

आता हे केवळ माझ्या प्रकल्पापुरतं राहिलं नव्हतं. मत्स्यखात्याच्या कार्यालयानं मच्छीमार सोसायटीला कळवलं होतं की कॉलेजच्या मोजणीत पिल्लं फार कमी दिसली तर पौषापासून होळीपर्यंत झिंगे पकडणं बंद ठेवावं लागेल. तीन महिने. त्या चाळीस घरांना हिवाळ्याच्या दिवसांत गावात दुसरं काम नसतं. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळे नाना म्हणतात, मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी मला चहा पाजला.

"ताई," ते म्हणाले, "एखादं शून्य जास्तीनं लिखं ते काय बिघडस? शून्यले ते किंमतच नही ऱ्हास."

मला हसूही आलं नाही. मी खूप घाबरले होते. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिण्याची भीती वाटत होती. शेवटी मी खरं लिहिलं, म्हणजे मला तेव्हा खरं वाटलं ते. त्या साली पाऊस लांबला होता आणि बॅरेजचे दरवाजे आश्विनापर्यंत उघडे होते. पाणी चहाच्या रंगाचं होतं. गढूळ पाण्याच्या लोंढ्यात पिल्लं खाली वाहून गेली असणार. दरवाजे किती दिवस उघडे, पाणी किती गढूळ, पिल्लं किती कमी, हे सगळं इतकं नीट जुळलं की मला आतून अभिमान वाटला. हे कबूल करायला आज बरं वाटत नाही. चाळीस घरांचं काम थांबणार होतं आणि मी माझ्या आलेखाकडे बघून खूश होते. अकरा पानं लिहिली. मॅडमनाही ती पटली.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. शनिवारी अक्का शिरपूरहून परतली. मी तिला भेटायला गेले आणि ओसरीवर बसून तिला सगळं तिच्या भाषेत वाचून दाखवलं. लोंढ्याचं ऐकताना तिनं मान डोलावली. ती म्हणाली, "पूर ते लांबनाच व्हता." मग थोड्या वेळानं विचारलं, "पऱ्हाट्या कोठून आन्यात?"

"आमच्या शेतातल्या. आप्पांनी तोडल्या. सगळ्या सारख्या."

"यंदाना?"

"हो. ताज्या."

ती उठली आणि नदीवर गेली. मी मागोमाग. तिनं माझी एक पेंढी वर काढली, नाकाजवळ नेली, मग एका काटकीची साल दातांनी सोलली, चघळली आणि थुंकली.

"यास्वर औषध फवारेल शे," ती म्हणाली.

मला एकदम सगळं दिसलं. आमच्या कपाशीला अळी का नव्हती ते. आप्पा पाठीवर पंप घेऊन किती वेळा गेले होते ते. मी कपाशीच्या घरातली मुलगी. पऱ्हाटी म्हणजे चूल पेटवायची वस्तू एवढंच माझ्या डोक्यात होतं. अक्काच्या पेंढ्या गुरांच्या छपरावर एक अख्खा पावसाळा भिजून, ऊन खाऊन मग पाण्यात जायच्या. ती तसं का करते हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी पेंढ्यांची लांबी-रुंदी तेवढी मोजली होती.

मी रडायच्या बेतात होते. अक्का म्हणाली, "मन्हं आयकू नको. मीबी चुकू शकस. पाही ले."

तिनं छपरावरून स्वतःच्या दोन जुन्या पेंढ्या काढल्या, त्या माझ्या मापाच्या तोडल्या, तशाच तीन ठिकाणी बांधल्या आणि माझ्या दोन पेंढ्यांशेजारी, त्याच दोरीला, त्याच खोलीवर सोडल्या. "आठ रोज," ती म्हणाली.

मॅडमना फोन केला. मी अडखळत सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "अहवाल थांबव. ऑफिसला मी कळवते." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तिला शाळेत कुणी घातलं नाही का गं?"

आठव्या दिवशी काठावर अख्खी वस्ती जमली होती. माझ्या पेंढ्या आधी झाडल्या. दोन पिल्लं आणि एक. मग अक्काच्या. लुगड्यावर तडतड सुरू झाली आणि लोक हसायला लागले. मी मोजलं. एकीत अठ्ठावन्न, दुसरीत एकसष्ट.

"चला," चेअरमन नाना म्हणाले, "झिंगा भरपूर शे. लिखा ताई."

मीही तेच लिहायला वही उघडली. मला सुटल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात अक्कानं विचारलं, "मांगला साल मन्ह्या पेंढ्यास्मा कितला व्हतात?"

मी मागची पानं चाळली. लहान पेंढ्यांचेच आकडे काढले, या मापाच्या. शंभर, एकशे बारा, एकशे पाच. मी ते हळू आवाजात वाचले.

"मंग यंदा निम्मा उनात," अक्का म्हणाली. "भरपूर कसा?"

हसणं थांबलं. नाना म्हणाले, "अक्का, तू कोना बाजूनी शे?"

"बाजू कसानी लेवानी त्यामा? लुगडावर पडनात तितला पडनात."

"तुन्हं काय जास? तुन्हा पोऱ्या सुरतले कमावस."

"मन्हं पोट सुरतले नही, आठेच शे," अक्का म्हणाली आणि लुगडं झटकून घडी घालायला लागली. पिल्लं तिनं आधीच पाण्यात सोडली होती.

मी अकरा पानं बाजूला ठेवून तीन पानं लिहिली. पिल्लं मागच्या वर्षाच्या निम्मी. कारण बहुधा लांबलेला पूर. पहिल्या मोजणीत पेंढ्यांची चूक झाली, ती कशी झाली, कुणाच्या ध्यानात आली. कार्यालयानं तीन महिन्यांऐवजी दीड महिना बंदी घातली. पहिल्या दिवशी अक्कानं आपल्या पेंढ्या सगळ्यांच्या आधी काढल्या आणि छपरावर टाकल्या. ते दिवस ती दोंडाईच्याला मिरचीची देठं खुडायला गेली. संध्याकाळी तिचे हात आगीनं फुगलेले असायचे, पाण्यात घालवत नसत. मी पाण्याचं तापमान घ्यायला गेले की ती काठावर बसून विचारायची, "कितलं शे?" आणि मी आकडा सांगितला की ती म्हणायची, "मालेबी तितलंच वाटनं व्हतं." हात न बुडवता तिला काय वाटलं असेल हे मी विचारलं नाही.

आप्पांना सांगणं मला सगळ्यात जड गेलं. ते पेंढ्या परत न्यायला आले तेव्हा मी सुतळ्या सोडत बसले. अक्कानंच सांगितलं. "भाऊ, तुम्हनी पऱ्हाटी इतली चांगली व्हती, अळी ते अळी, झिंगाबी जवळ उना नही." आप्पा हसले. मग त्यांना कळलं आणि ते काठावर खाली बसले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आपल्या विहिरीत मासे होते ते कधीपासून दिसत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी बांधाकडच्या चार ओळी न फवारता ठेवल्या. तिथं अळी पडली. तरी त्यांनी त्या शेवटपर्यंत राखल्या, उपटल्यावर वर्षभर उन्हापावसात टाकल्या, आणि आता माझ्या पेंढ्या त्याच असतात. मधल्या सालासाठी अक्कानं आपल्या पेंढ्या तोडून दिल्या.

मी एम.एस्सी. झाले आणि मॅडमनी मला त्याच कामावर ठेवून घेतलं. त्या तिसऱ्या मोजणीला पिल्लं पुन्हा शंभरावर गेली. वस्तीत आनंद झाला. आपण बंद पाळलं त्याचं फळ, असं नाना सगळ्यांना सांगत होते. पण त्या साली पूरही लवकर उतरला होता. दरवाजे भाद्रपदातच बंद झाले होते आणि पाणी नवरात्रापर्यंत निवळलं होतं.

अक्का पेंढी झाडता झाडता थांबली. "बंद ठेवं म्हनीसन उनात, का पूर लवकर उतरना म्हनीसन?"

मी वही चाळली, उगाचच. वर्गात, तोंडी परीक्षेत, मॅडमसमोर, कुठेही मी पुढचे दोन शब्द कधी मान वर करून बोलले नव्हते.

"माहीत नही, अक्का."

"हां," ती म्हणाली, जणू मी काहीतरी कामाचं सांगितलं. "मंग आखो मोजनं पडी." आणि थोड्या वेळानं: "एक किनारा बंद ठेव, एक चालू. दोन्हीकडे पेंढ्या टाक. मंग दखायी."

नाना तयार नव्हते. कुणाचा किनारा बंद ठेवायचा यावर तीन बैठका झाल्या. अक्कानं आपल्या घराकडचा देऊ केला, मग कुणाला बोलता येईना. तो पौष आणि माघ तिचा किनारा बंद राहिला. पलीकडचा चालू होता. तिनं दोन्ही हिवाळे मिरची खुडली.

या आश्विनात तिला ताप आला. दोनच दिवस. ती गेल्याचा निरोप मला मिळेपर्यंत सगळं झालं होतं.

कार्तिकात मी गेले. काठावर लुगडं तिच्या सुनेनं पसरलं होतं. नाना आले होते, आप्पाही आले होते. बंद किनाऱ्याच्या दहा पेंढ्या झाडल्या, मग चालू किनाऱ्याच्या दहा. मी मोजत होते आणि नाना माझ्या मागून मोजत होते, ओठ हलवत. शेवटी मी बेरजा केल्या. दोन्ही जवळजवळ सारख्याच आल्या.

 मग नाना हळूच म्हणाले, "मंग बंद ठेवानं कामच नव्हतं? अक्का उगाच गयी मिरचीवर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं, मलाही हवं होतं. पिल्लं पाण्याबरोबर या काठावरून त्या काठावर जात असतील, तर बंद किनाऱ्याचा फायदा दोन्हींना झाला असेल. किंवा सगळं पुराचंच असेल. यंदाचा पूर मधलाच होता, ना लांबलेला ना लवकर उतरलेला. मी हे सगळं त्यांना सांगितलं आणि म्हटलं, एका सालावरून कळत नाही.

 नानांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बंद किनाऱ्याची पहिली पेंढी उचलली आणि विचारलं, "कितली खोल टाकू?"